मोहल्ल्यातला एकटा हिंदू

"हा शब्द मोठ्यानं वाच," बडे गुरुजी म्हणाले.

मी वाचला. "बौद्ध."

"पुढचा?"

"बौद्ध."

"अन् त्याच्या पुढचा?"

"बौद्ध."

नागपूरपलीकडच्या, हिंदी राज्यातल्या सौंसरच्या शाळेचा व्हरांडा. एक्याऐंशीच्या जनगणनेचे दिवस. आम्ही दहा शिक्षक, म्हणजे घरोघर जाऊन नोंदी करणारे प्रगणक, आपापल्या गावचे भरलेले फॉर्म घेऊन तपासणीला आलो होतो. नऊ जण बाकांवर बसले होते. मी उभा होतो. मला कोणी उभं राहा म्हटलं नव्हतं. बसही म्हटलं नव्हतं.

बडे गुरुजी म्हणजे तिथल्या मोठ्या शाळेचे हेडमास्तर. जनगणनेत ते आमचे पर्यवेक्षक. घरचा संत्र्याचा बाग, तोही आमच्याच गावाच्या शिवारात. माझी आत्या, माझा बाप, आमचा अर्धा मोहल्ला त्या बागात कधी ना कधी राबलेला. त्यामुळे त्यांच्यासाठी मी शिक्षक नव्हतोच. मजुराच्या घरातलं शिकलेलं पोट्टं होतो.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बाकांकडे पाहून म्हणाले, "सारे बुद्धू एकाच मोहल्ल्यात जमा झाले काय हो?"

नऊच्या नऊ जण हसले.

मीही हसलो. थोडासा, ओठांतल्या ओठांत. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथूनच आहे.

मग त्यांनी मला गठ्ठ्यातला शेवटचा फॉर्म वर काढायला लावला. "हे कोनाचं घर?"

"माझं."

"धर्म वाच."

मी व्हरांड्याबाहेर पाहिलं.

"वाच ना. आतापर्यंत तं खडाखडा वाचून राहिला होता."

"हिंदू."

व्हरांड्यात क्षणभर कोणाला काही समजलं नाही. मग बडे गुरुजींनी टेबलावर हात आपटला. "घ्या! चाळीस घरं बौद्ध. अख्ख्या मोहल्ल्यात एकच हिंदू, अन् थोच लिवणारा!"

या वेळी जे हसले ते पोट धरून हसले. एकाच्या हातातला चहा सांडला.

लोकांना ही गोष्ट माहीत नाही. गेली चाळीस वर्षं मी ती कोणाला सांगितली नाही. वस्तीत माझ्याबद्दल जे सांगतात त्यात हा फॉर्म नाही.

तो मी असा का भरला होता, तेही सांगतो. माझी नोकरी राखीव जागेवरची. त्यासाठीचा जातीचा दाखला सौंसरच्या तहसीलीतून काढलेला. त्यावर लिहिलेलं, 'हिंदू महार'. त्या काळात दुसरं काही लिहिलं की दाखलाच मिळत नसे. जनगणनेच्या सूचनांच्या पुस्तिकेतही तेच होतं. अनुसूचित जातीचा माणूस एक तर हिंदू असेल, नाही तर शीख. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं की जातीच्या रकान्यात महार लिहिता येत नव्हतं. दोन रकाने, त्यातला एकच आमचा. नाव घ्या नाही तर सवलत घ्या. असा कायदा ज्यांनी ठेवला, त्यांच्या घरात हा प्रश्न कधी कोणाला पडला नाही.

मी सवलत घेतली. गुपचूप. माझ्या घरी बसून, माझ्याच हातानं, कोणी न विचारता.

बाकीच्या चाळीस घरांत मात्र त्यांनी जसं सांगितलं तसंच मी लिहिलं होतं. आणि त्यांनी काय सांगितलं, कसं सांगितलं, ते मला अजून पाठ आहे.

आमच्या मोहल्ल्यात कोटवाराचं घर पहिलं. कोटवार म्हणजे गावचा चौकीदार, सरकारी निरोप घरोघर पोचवणारा. त्याचा थोरला मुलगा नागपूरला कॉलेजात होता, स्कॉलरशिपवर. मी धर्म विचारला तेव्हा त्यानं बिडी विझवली.

"गुरुजी, बौद्ध लिवलं तं पोट्ट्याची स्कॉलरशिप जाईन काय?"

"मले नाही माहीत, काका."

"तुमी शिकेल मानूस. तुमाले नाही माहीत तं कोनाले?"

त्यानं विझलेली बिडी कानामागे खोचली. मग म्हणाला, "जाऊ द्या. बौद्धच लिवा. पोट्ट्याले मीच सांगतो."

त्याला नोकरी जाण्याची, मुलाचं शिक्षण सुटण्याची भीती माझ्याहून कमी नव्हती. तरी त्यानं सांगितलं. मी त्याच्या अंगणात बसून ते लिहिलं आणि घरी जाऊन माझ्यापुढे हिंदू लिहिलं.

भागाआत्याचं घर सगळ्यात शेवटी. माझ्या बापाची थोरली बहीण. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून मला वाढवलं ते तिनं. नवरा मेलेला, मूलबाळ नाही, एकटीची चूल. घरची कर्ती तीच. त्या फॉर्मात घरच्या कर्त्याचा जो धर्म, तोच घराचा. म्हणजे आत्याचा शब्द हाच तिच्या घराचा शब्द.

तो शब्द तिला फुकट मिळालेला नव्हता. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर तिनं घरातले देव टोपलीत भरले आणि नाल्यात नेऊन सोडले. मोहल्ल्यानं मेलेलं ढोर ओढणं बंद केलं. त्या हंगामात गावातल्या एकाही शेतकऱ्यानं आमच्या बायांना कापूस वेचायला बोलावलं नाही. आत्या रोज मोहगावपर्यंत पायी जायची, तिथल्या शेतात वेचायला. पायात काही नसायचं. मी तिच्याबरोबर कितीदा तरी गेलो आहे.

एकसष्टच्या जनगणनेत तिनं बौद्ध सांगितलं. लिहिणाऱ्या मास्तरानं तीनदा विचारलं, तिनं तीनदा सांगितलं. त्यानं शेवटी काय लिहिलं, देव जाणे. एकाहत्तरला जो आला तो मोहल्ल्यात शिरलाच नाही. विहिरीजवळच्या लिंबाखाली उभा राहिला आणि म्हणाला, "महारच ना तुमी? मंग विचाराचं काय हाय त्यात?" लिहून निघून गेला. माणसं तीच. घरं तीच. दर दहा वर्षांनी आम्ही कोण हे उंबऱ्याबाहेरचा कोणीतरी ठरवून जायचा.

म्हणून एक्याऐंशीला मी पाटी-दप्तर घेऊन दारात आलो तेव्हा आत्यानं शेजारणींना हाक मारली. "या वो, पाहा. या खेपेले आपला पोट्टा लिवून राह्यला."

मी लिहिलं. ती जवळ सरकली. "मले दाखव."

"तुले वाचता येते काय, आत्या?"

"नाही येत. दाखव तं. कोनता शबद हाय थो?"

मी बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला सारून स्वतःचं ठेवलं. कापसाच्या बोंडांनी चिरलेलं, काळं बोट. बराच वेळ पाहिलं.

"याच्या डोक्शावर दोन काड्या हायेत."

"हो. त्या दोन मात्रा."

"अन् हिंदू कसा असते?"

"त्याच्या डोक्यावर टिंब, अन् बुडाले शेपूट."

"मंग हा नाही थो." ती हसली. "शेपटीवाला नाही आपला. दोन काड्यांचा हाय."

शेजारच्या बायकाही हसल्या. एकीनं विचारलं, "गुरुजी, तुमच्या घरचाही दोन काड्यांचाच ना?"

"मंग काय," मी म्हणालो.

आता पुन्हा त्या व्हरांड्यात.

हसणं थांबल्यावर बडे गुरुजींचा आवाज बदलला. "तुही नौकरी हरिजन कोट्यातली ना? दाखल्यावर हिंदू महार. तू हिंदू अन् तुही आत्या बौद्ध? एका खानदानात दोन धर्म? वर गेलं हे कागद तं पयले तुलेच इचारतीन. सर्टिफिकेट खोटं, का फॉर्म खोटा?"

"पण लोकांनी सांगितलं तेच..."

"लोक काय सांगतात! जामसांवलीच्या देवळात जाऊन नारळ फोडतात का नाही तुमच्यातले? फोडतात. मंग? तुमी कोन आहा थे आमाले माहीत हाय. कागदानं बदलते काय जात?"

त्यांनी कपाटातून कोरे फॉर्म काढायला लावले. गठ्ठा टेबलावर ठेवला आणि फूटपट्टीच्या टोकानं माझ्याकडे ढकलला. बाकी नऊ जणांचे कागद त्यांनी हातात घेतले होते, हातात दिले होते. माझ्या वेळी फूटपट्टी.

"पुन्हा उतरव. तुह्या घरावानी. मी सही करतो."

मी नाही म्हणू शकत होतो. हे मला नीट सांगायचं आहे, कारण चाळीस वर्षं मी स्वतःला उलटं सांगत आलो. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की माणूस सांगेल तोच धर्म लिहायचा. ते पान मला माहीत होतं. पुस्तिका माझ्या पिशवीत होती. ती काढून मी टेबलावर ठेवली असती तर बडे गुरुजी काय करणार होते? चिडले असते, वरिष्ठांना कळवलं असतं. वरिष्ठांनी माझा दाखला पाहिला असता. भीती तिथे होती. त्यांची नव्हती, माझ्याच फॉर्मची होती. मी आधीच वाकलेलो होतो, त्यांना फक्त दिसलं.

शाळेच्या मागे पाण्याची टाकी होती. तिच्या सावलीत बसून मी चाळीस घरं पुन्हा लिहिली. नावं तीच, वयं तीच, शिक्षण तेच. फक्त एक शब्द वेगळा. कोटवाराच्या फॉर्मापाशी हात थांबला. मी स्वतःला म्हटलं, बरंच झालं, त्याच्या पोराची स्कॉलरशिप वाचली. पुढच्या घराशीही काहीतरी असंच म्हटलं. दहाव्या घरानंतर काही म्हणावं लागलं नाही. हात आपोआप चालू लागला. आत्याचा फॉर्म मी मध्येच कुठेतरी घालून लिहिला, वेगळा ओळखू येऊ नये म्हणून.

जुने फॉर्म बडे गुरुजींनी ठेवून घेतले. त्यांचं काय केलं ते माहीत नाही. सही करताना म्हणाले, "अक्षर मात्र सुंदर हाय तुहं."

घरी आलो. आत्या दारातच बसली होती. "पास झाले काय कागद?"

"झाले."

"काही बदललं तं नाही ना कोनं?"

"कोण बदलणार, आत्या?"

आत्याच्या तोंडावर बोललेलं हे माझं पहिलं खोटं. पुढचं याच्याहून मोठं आहे, आणि ते लोकांपुढे बोललेलं आहे.

तीन वर्षांनी मोहल्ल्यानं विहारासाठी जागा मागितली. नाल्याच्या काठचा सरकारी तुकडा. तो बडे गुरुजींच्या बागाला लागून होता. ते तेव्हा निवृत्त झाले होते, पण पंचायतीत त्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं. नायब तहसीलदार चौकशीला आले. हिंदी बोलणारे, तरुण. पंचायतीसमोर खुर्च्या मांडल्या. आमची माणसं समोर जमिनीवर. भागाआत्या बायकांच्या पुढे.

नायब साहेबांनी अर्ज पाहिला. "यहाँ बौद्ध कितने घर हैं?"

कोटवार तोंड उघडणार तेवढ्यात बडे गुरुजी म्हणाले, "एक भी नहीं, साहब. जनगणना मैंने खुद जाँची है. सब हिंदू महार लिखे हैं. विहार किसके लिए?"

मग आत्या उभी राहिली. लुगड्याचा पदर खोचून.

"खोटं बोलून राह्यले हे. म्या सोता बोट ठेवून पाह्यलं हाय. दोन काड्यांचा शबद होता."

नायब साहेबांना काही समजलं नाही. बडे गुरुजींना समजलं. ते हसले, तसेच, व्हरांड्यातल्यासारखे. "बाई, लिवणारा तुहाच भतीजा हाय. थो बसला पाह्य तिथं. इचार त्याले. अन् त्याचं सोताचं घर काय लिवलं होतं, थे पयले इचार."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आत्यानंही.

मी उठलो. "म्या बौद्धच लिवलं," मी म्हणालो. "एकूणएक घर. माहंही. मांगून कोनं बदललं थे यायले माहीत."

मोहल्ला उसळला. कोणीतरी घोषणा दिली. बाया उभ्या राहिल्या. कोटवारानं माझा खांदा दाबला. आणि बडे गुरुजी माझ्याकडे पाहत होते, तोंड उघडं टाकून. त्या माणसानं जन्मभर आमच्याबद्दल वाईटच सांगितलं. त्या दिवशी मात्र तो खरं बोलला होता, आणि मी चारशे डोळ्यांदेखत त्याला खोटा ठरवला. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की त्याला पाडायला माझ्याकडे खरं काही उरलं नव्हतं.

नायब साहेब मला म्हणाले, "आप क्या हैं? लिखकर दोगे?"

"दूँगा."

कागद आला. मी लिहिलं की मी धर्माने बौद्ध आहे, हिंदू नाही, आणि हे मी सरकारी नोकर असताना, परिणाम माहीत असताना लिहून देत आहे. खाली सही, शाळेचं नाव, गाव. बडे गुरुजी मागून म्हणाले, "नौकरीवर पानी सोडून राह्यला काय?"

"सोडतो," मी म्हणालो. "तुमच्या बागातलं पाणी भरण्यापरीस बरं."

हा नकार खरा होता. तो मला कोणी शिकवला नाही, कोणी भाग पाडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसासमोर ताठ उभा होतो. पण त्याच्या एका मिनिटाआधी मी खोटं बोललो होतो, आणि लोकांनी दोन्ही मिळून एकच गोष्ट केली. जनगणनेत न घाबरता बौद्ध लिहिणारे गुरुजी.

जागा विहाराला मिळाली. मला नोटीस आली. जातीचा दाखला रद्द का करू नये, असं विचारणारी. बदली झाली, पांढुर्ण्याच्या पलीकडे एका गावात, जिथे बस दिवसातून एकदा जायची. नोकरी गेली नाही. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. वस्तीत सांगतात तेवढं मी भोगलेलं नाही, हेही या कागदात राहू द्या.

बदलीच्या गावी निघालो त्या सकाळी आत्या तुरीची डाळ पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "एक इचारू काय?"

"इचार ना."

"माहं घर काय लिवलं होतं तुनं?"

"बौद्ध. तू पाह्यलं ना सोता."

"पाह्यलं. म्हनून तं इचारून राह्यली. त्याच्या मांगून पुन्हा तं नाही लिवलं ना कुठी?"

तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी पंचायतीसमोर बोललो तेव्हा तिनं माझा चेहरा पाहिला होता, बस.

"नाही, आत्या."

तिनं सूप दोनदा झटकलं. "बरं."

त्यानंतर तिनं मला कधीही काही लिहायला सांगितलं नाही. पत्र असो, अर्ज असो, रेशनकार्ड असो, ती पोस्टातल्या बाबूकडे जायची. तो पैसे घ्यायचा. मी गावी आलो तरी कागद पदराखाली ठेवायची आणि त्याच्याकडेच न्यायची. मला जेवू घालायची, विचारपूस करायची, लाड करायची. कागद मात्र माझ्या हातात दिला नाही.

ती अठ्ठ्याऐंशीत गेली. दोन वर्षांनी कायदा बदलला. बौद्ध असूनही सवलत मिळू लागली. एक्क्याण्णवची जनगणना आली तेव्हा मी पांढुर्ण्यापलीकडच्या त्या भाड्याच्या घरात दारात उभा राहून छाती काढून सांगितलं, बौद्ध. लिहिणाऱ्यानं मान वर न करता लिहिलं. काहीच मोजावं लागलं नाही. मोजण्याची वेळ होती तेव्हा मी टाकीच्या सावलीत बसलो होतो.

आत्या त्या मोजणीत नव्हती. तिची शेवटची नोंद माझ्या अक्षरातली. पायी मोहगावला जाऊन जिनं तो शब्द कमावला, ती सरकारच्या कागदात हिंदू म्हणून मेली. बडे गुरुजींनी दटावलं, कायद्यानं कोंडलं, हे दोन्ही खरं आहे आणि दोघांनाही मी माफ केलेलं नाही. पण शाई माझ्या लेखणीतली होती.

मागच्या आठवड्यात विहार कमिटीचे अध्यक्ष घरी आले. कोटवाराचाच नातू. विहाराचा वर्धापनदिन, त्यात माझा सत्कार. शाल, मानपत्र. पत्रिकेचा कच्चा मजकूर दाखवला. माझ्या नावाखाली तेच वाक्य होतं, न घाबरता बौद्ध लिहिणारे. मी चष्मा लावून वाचलं आणि हो म्हणालो. त्याला चहा दिला. तो गेल्यावर तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी हे लिहायला बसलो.

मी जाणार आहे. शाल घेणार नाही. माईक घेणार आहे. एकेचाळीस घरांच्या कर्त्यांची नावं मला घरांच्या ओळीनं पाठ आहेत. एकेक नाव घेईन, त्यानं काय सांगितलं ते सांगेन आणि मी काय लिहिलं ते सांगेन. त्यांची मुलं, नातवंडं समोर बसलेली असतील. त्यांना त्यांच्या माणसांचा शब्द माझ्या तोंडून परत मिळाला पाहिजे. कोणी उठून गेलं, कोणी शिव्या दिल्या, कोणी माईक ओढला, तरी एकेचाळीस पूर्ण केल्याशिवाय मी खाली बसणार नाही. चाळीस जणांना मी विचारलं होतं. एकेचाळिसावा मी. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि सगळ्यात आधी मीच खोटं लिहिलं होतं.

पत्रिकेचा कागद आज सकाळी अध्यक्षांकडे परत पाठवला. माझ्या नावाखालचं वाक्य काढलं आणि नवं लिहून दिलं, 'आपल्या माणसांचा धर्म आपल्या हातानं बदलणारा प्रगणक'. सोबत चिठ्ठी जोडली आहे. छापायचं तर असंच छापा. नाही छापलं तरी मी येतो आहे.